मूठ आवळली की वाढणारी ताकद: लालबागमधलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५८. राहायला लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, धंदा दादर पश्चिमेच्या फुलबाजारात. पहाटे झेंडू-शेवंती उचलायची आणि दुपारपर्यंत जमिनीवर बसून हार ओवायचे, हा वर्षानुवर्षांचा क्रम. ओळख पटू नये म्हणून धंदा आणि पत्ता यांत थोडा बदल केला आहे.

तक्रार एकच: बसलं की उठता येत नाही. "मॅडम, पाय दुखत नाहीत, बधिर पण नाहीत. नुसते ऐकत नाहीत," असं काकांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. निम्मं निदान त्या वाक्यातच होतं, पण आमच्याकडे येईपर्यंत पाच महिने ते कोणी नीट ऐकलेलं नव्हतं.

सुरुवात उकिडवं बसून उठण्यापासून झाली. मग चाळीचा जिना, मग दादरचा पूल. चौथ्या महिन्यात वरच्या खिळ्याला हार अडकवताना हात खाली येऊ लागले. मधल्या काळात कमरेचा एमआरआय झाला आणि त्यात एक चकती फुगलेली निघाली. या वयाच्या कोणाही माणसाच्या कमरेचा एमआरआय काढा, काही ना काही फुगलेलं सापडतंच. त्यावरून पायांची ताकद जाते असं होत नाही. कमरेला पट्टा आला, बी-१२ ची इंजेक्शनं झाली, ड जीवनसत्त्वाची पुडी दर आठवड्याला सुरू झाली. काकांना अकरा वर्षांचा मधुमेह. त्यामुळे तोंडाला पडणारी कोरड साखरेच्या खात्यात गेली, बद्धकोष्ठही तिथेच. लैंगिक दुर्बलतेबद्दल त्यांनी एका डॉक्टरांना चाचरत सांगितलं, तर तीसुद्धा त्याच खात्यात जमा झाली. एका केंद्रात ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे स्नायू आणि नसांतली वीज मोजणारी तपासणी, झाली होती. अहवालात मधुमेहामुळे हालचालींच्या नसा खराब झाल्याचं लिहिलं होतं.

मधुमेहावर सगळं ढकलणं सोपं असतं, कारण बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं. पण मधुमेहातला नेहमीचा नसांचा आजार पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि आधी संवेदना बिघडवतो: मुंग्या, जळजळ, चप्पल निसटली तरी न कळणं. इथे सगळं उलटं होतं. तळपायाला कापूस लावलेला कळत होता, बोटांची ताकद बरी होती, आणि खुब्याजवळचे मोठे स्नायू लटके पडले होते. पापण्या किंचित उतरलेल्या होत्या, पण मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजारात असतात तशा ठळक नाहीत. दुहेरी दिसत नव्हतं.

सोबत आलेल्या मुलीने एक गोष्ट सांगितली. "बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीला अडकतात. दोन-चार पायऱ्या चढले की जरा सुटतात, मग वर पोचेपर्यंत पुन्हा ढेपाळतात." घरच्यांना वाटलं, बाबा मनाने खचलेत, म्हणून असं होत असेल.

गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासली. हातोडी मारली, काही हललं नाही. दोन्हीकडे तेच. मग काकांना पलंगाच्या कडेला बसवून मांडी पूर्ण ताकदीने सरळ ताणून धरायला लावली, दहा सेकंद. लगेच पुन्हा हातोडी मारली आणि पाय चक्क उडाला. माझा हात हातात घेऊन आवळायला सांगितलं, तर पहिल्या क्षणी पकड सैल होती आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत ती घट्ट होत गेली. थकलेल्या स्नायूची ताकद वापराने कमी होते. इथे ती वापराने वाढत होती. असं करणारे आजार बोटावर मोजण्याइतकेच आहेत.

यंत्रावर काय दिसलं

आमच्याकडे पुन्हा नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांतून वीज कशी जाते याची तपासणी, केली. संवेदनेच्या नसांचे सगळे आकडे उत्तम आले. मग मनगटाजवळ अल्नर नस विजेने उद्दीपित करून करंगळीच्या स्नायूतून येणारा प्रतिसाद मोजला. तो १.१ मिलिव्होल्ट आला. निरोगी माणसात तिथे साधारण ६ च्या वर अपेक्षित असतो. नसेतून विजेचा वेग ठीक होता. आधीच्या केंद्रालाही जवळपास हेच आकडे मिळाले असणार, आणि फक्त एवढंच पाहिलं तर 'नसा गळल्या' असं वाटतं. पण संवेदनेच्या नसा साफ आणि हालचालींचे प्रतिसाद सगळीकडे बारीक, अशी जोडी दिसली की अहवाल लिहिण्याआधी एक गोष्ट करून पाहायलाच हवी.

ती गोष्ट म्हणजे काकांना करंगळी बाजूला फाकवून दहा सेकंद जीव खाऊन ताणून धरायला लावायचं आणि थांबल्या क्षणी पुन्हा एकच उद्दीपन द्यायचं. प्रतिसाद आला ३.९ मिलिव्होल्ट. वाढ अडीचशे टक्क्यांहून जास्त. दोन मिनिटांनी तो पुन्हा १.२ वर आला. सेकंदाला तीन या गतीने उद्दीपनं दिली तेव्हा मात्र प्रतिसाद हळूहळू घसरला. निदानासाठी १०० टक्के वाढ ही जुनी मर्यादा आहे. अलीकडे ६० टक्केही पुरेशी मानतात. सेकंदाला पन्नास उद्दीपनं देऊनही हीच वाढ दाखवता येते, पण ती पद्धत फार दुखते. ज्या रुग्णाला स्वतः ताण देता येतो त्याला ते सोसायला लावण्यात अर्थ नाही.

हा लॅम्बर्ट-ईटन मायस्थेनिक सिंड्रोम. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या एडवर्ड लॅम्बर्ट आणि ली ईटन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५६ मध्ये त्याचं विद्युत-चित्र मांडलं. नाव अवघड असलं तरी बिघाड एका ठरावीक जागी आहे, आणि तो समजला की वरचा प्रत्येक आकडा आपोआप उलगडतो.

नसेच्या टोकाला

नस स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेली नसते. मध्ये एक अरुंद फट असते. नसेच्या टोकात ॲसिटिलकोलिन हे निरोप नेणारं रसायन भरलेल्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या असतात, प्रत्येकीचा व्यास जेमतेम ४० ते ५० नॅनोमीटर आणि प्रत्येकीत या रसायनाचे काही हजार रेणू. विद्युत-संदेश टोकापर्यंत पोचला की काही पुटिका नसेच्या बाहेरच्या आवरणाशी, म्हणजे पटलाशी, एकजीव होऊन आतला माल फटीत सोडतात, आणि पलीकडचा स्नायू आकुंचन पावतो.

माल सुट्टा सुटत नाही, एकेका पुटिकेच्या मापाने सुटतो, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्नार्ड काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. १९५२ मध्ये पॉल फॅट आणि काट्झ यांनी बेडकाच्या स्नायूत, कोणताही संदेश नसताना आपोआप उमटणारे चिमुकले विद्युत-ठिपके नोंदले. १९५४ मध्ये होसे देल कास्तियो आणि काट्झ यांनी सिद्ध केलं की मोठा प्रतिसाद म्हणजे अशाच ठिपक्यांची बेरीज. काट्झ यांना १९७० चं नोबेल मिळालं, ते याच कामासाठी.

या शोधाचा आमच्या रुग्णाशी थेट संबंध आहे. १९६८ मध्ये एल्मक्विस्ट आणि लॅम्बर्ट यांनी अशाच एका रुग्णाच्या बरगड्यांमधल्या स्नायूचा तुकडा घेऊन सूक्ष्म इलेक्ट्रोडने मोजमाप केलं. एकेका ठिपक्याची उंची नेहमीइतकीच होती. म्हणजे पुटिका भरलेल्या होत्या आणि पलीकडे स्नायूवर ॲसिटिलकोलिन पकडणारे ग्राहकही (रिसेप्टर) शाबूत होते. कमी होती ती एका संदेशामागे सुटणाऱ्या पुटिकांची संख्या. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये नेमकं उलटं असतं: पुटिका पुरेशा सुटतात, पण पलीकडचे ग्राहक घटलेले असतात आणि ठिपकाच बुटका होतो. दोन्ही आजारांत माणूस लटका पडतो, पण बिघाड फटीच्या दोन वेगळ्या काठांवर आहे.

मग पुटिका का सुटत नव्हत्या? सोडणारी यंत्रणा बरीच प्रथिनं मिळून चालवतात, आणि आजार त्यांतल्या कुठल्याही एकावर घाला घालू शकतो.

पुटिकेच्या अंगावर सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन असतं. नसेच्या पटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५ असतात. या तिघांचे मिळून चार लांबट धागे एकमेकांभोवती घट्ट गुंडाळले जातात. त्यांत स्नॅप-२५ दोन धागे देतं. दोऱ्याला पीळ भरत गेलं की दोन्ही टोकं जवळ खेचली जातात, तसं पुटिका पटलाकडे ओढली जाते आणि शेवटी दोन्हींची आवरणं एक होतात. या त्रिकुटाला स्नेअर म्हणतात. मंक-१८ हे प्रथिन सिंटॅक्सिनला धरून बसतं, मंक-१३ त्याला मोकळं करून गुंफणीसाठी तयार करतं, आणि कॉम्प्लेक्सिन अर्धवट झालेल्या गुंफणीवर बसून ती आवरून धरतं. काम झालेली गुंफण एनएसएफ नावाचं प्रथिन एटीपीची, म्हणजे पेशीच्या इंधनाची, ऊर्जा खर्चून उसवतं, म्हणजे तेच धागे पुन्हा वापरता येतात. जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं ते पेशीतल्या पुटिकांची ही वाहतूक उलगडल्याबद्दल.

तर पुटिका अशी तयार होऊन पटलाला टेकून बसते. तिला 'आता' असं सांगतं कॅल्शियम. संदेश आला की टोकावरचे कॅल्शियम चॅनेल, म्हणजे कॅल्शियमला आत सोडणारी दारं, उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. पुटिकेवर सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन ते ओळखायला बसलेलं असतं. त्याचे दोन भाग कॅल्शियम पकडतात, एक भाग तीन आयन आणि दुसरा दोन. कॅल्शियम धरलं की ते पटलात रुततं, स्नेअरची गुंफण पुरी होते आणि माल बाहेर पडतो. कॅल्शियम आत येण्यापासून इथपर्यंत मिलिसेकंदाचाही थोडाच भाग लागतो. एवढ्या घाईत काम व्हायचं तर चॅनेल पुटिकेच्या अगदी शेजारी हवेत, कारण आत शिरलेलं कॅल्शियम दूर जाता जाता लगेच विरळ होतं. रिम आणि रिम-बीपी ही प्रथिनं चॅनेलला धरून नेमकी पुटिकेच्या पायाशी उभी करतात.

आमच्या रुग्णात बाकी सगळं जागेवर होतं. स्नेअर, सिनॅप्टोटॅग्मिन, ॲसिटिलकोलिनचा साठा, सगळं. कमी पडले होते ते फक्त चॅनेल, आणि त्यांतलेही एका जातीचे: पी/क्यू प्रकारचे. माणसात स्नायूंकडे जाणाऱ्या नसांच्या टोकांवर कॅल्शियमचा मुख्य भार याच प्रकारावर असतो. लाळ, आतडी आणि लिंगाच्या रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या नसांच्या टोकांवरही तेच असतात. साखरेच्या खात्यात गेलेली कोरड, बद्धकोष्ठ आणि दुर्बलता यांचा हिशेब इथे लागतो.

चौथा घात

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. कॅल्शियम निम्मं झालं तर माल निम्मा सुटेल, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. फ्रेडरिक डॉज आणि रामी राहामिमॉफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या नस-स्नायू सांध्यावर दाखवलं की सुटणारा माल कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. एका सिनॅप्टोटॅग्मिनला एकाहून जास्त आयन लागतात, हे त्यामागचं मोठं कारण.

हिशेब करून पाहा. कॅल्शियम ६० टक्के उरलं, तर सुटणाऱ्या पुटिका ०.६ च्या चौथ्या घाताने, म्हणजे सुमारे १३ टक्के उरतात. कॅल्शियममधली घट मध्यम, मालातली घट भयंकर. पण हीच गोष्ट उलट्या दिशेनेही लागू पडते. ६० टक्क्यांचं कसंबसं ८० टक्के केलं, तर पुटिका १३ वरून ४१ टक्क्यांवर जातात, तिपटीहून जास्त. जरासं कॅल्शियम मिळालं तर केवढी परतफेड!

दहा सेकंद करंगळी ताणली तेव्हा हेच झालं. जोर लावताना नस सेकंदाला डझनावारी संदेश पाठवते. आत आलेलं कॅल्शियम आवरायला टोकाला शंभरेक मिलिसेकंद तरी लागतात. तेवढ्यात पुढचा संदेश येऊन थडकतो, मागचं कॅल्शियम शिल्लकच असतं, त्यावर नवं पडतं. १.१ चे ३.९ झाले ते या शिलकीवर. विश्रांती घेतली की शिल्लक संपते, म्हणून दोन मिनिटांनी १.२. सेकंदाला तीन उद्दीपनं दिली तेव्हा दोन संदेशांमध्ये टोकाला सगळं आवरायला पुरेसा वेळ मिळत होता. शिल्लक काहीच पडत नव्हती, उलट तयार पुटिकांचा साठा प्रत्येक वेळी थोडा कमी होत होता. म्हणून घसरण. जिन्याच्या पहिल्या पायरीला अडकणं आणि दोन-चार पायऱ्यांनंतर सुटणं हेही तेच गणित.

चौथा घात हा ढोबळ हिशेब आहे, हेही सांगायला हवं. चॅनेलच मुळात कमी झाले आणि एकेका पुटिकेला शेजारचा एकच चॅनेल उरला, तर उतार इतका तीव्र राहत नाही. पण रुग्णासमोर बसून समजावताना हा हिशेब पुरेसा खरा आहे आणि औषध का चालेल तेही तो सांगतो.

निदान पक्कं करण्याआधी बॉट्युलिझमचा, म्हणजे बॉट्युलिनम या जंतूच्या विषाने होणाऱ्या आजाराचा, विचार करावा लागला, कारण तिथेही बिघाड याच काठावर असतो. बॉट्युलिनम विषाचे प्रकार स्नेअरचे धागेच तोडतात: ए प्रकार स्नॅप-२५ कापतो, बी प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन. कॅल्शियम हवं तेवढं आत येतं, पण पुढे ओढणारा धागाच तुटलेला असतो. म्हणून दहा सेकंदांच्या ताणानंतर तिथे वाढ झाली तरी बहुधा माफक असते. शिवाय तो आजार दिवसांत चढतो आणि डोळे-घशापासून खाली उतरतो. इथे पाच महिने लागले होते आणि सुरुवात मांड्यांपासून होती.

चॅनेल कोणी खाल्ले

रक्तात पी/क्यू कॅल्शियम चॅनेलविरुद्धच्या अँटीबॉडी भरपूर निघाल्या. या आजाराच्या साधारण ८५ ते ९० टक्के रुग्णांत त्या सापडतात. अँटीबॉडीला दोन हात असतात. एका हाताने एक चॅनेल, दुसऱ्याने शेजारचा, असे दोन बांधले गेले की पेशी ती जोडी आत ओढून नष्ट करते. एकच हात असलेले अँटीबॉडीचे तुकडे प्रयोगात वापरले तर चॅनेल असे नाहीसे होत नाहीत. रुग्णाची अँटीबॉडी उंदराला टोचली की उंदरातही आजार उतरतो, हे १९८१ मध्ये लंडनमध्ये जॉन न्यूसम-डेव्हिस यांच्या गटाने दाखवलं, आणि हा स्व-प्रतिकारशक्तीचा आजार असल्याचं तेव्हा स्पष्ट झालं.

मुलीचा पुढचा प्रश्न अटळ होता. "पण शरीर स्वतःच्याच नसांवर का उठलं?"

लॅम्बर्ट-ईटनच्या निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांत उत्तर फुप्फुसात असतं. स्मॉल सेल प्रकारचा कर्करोग नसांशी नातं सांगणाऱ्या पेशींतून वाढतो आणि त्याच्या पेशींवर हेच कॅल्शियम चॅनेल असतात. शरीर कर्करोगावर हल्ला करायला अँटीबॉडी बनवतं आणि त्याच अँटीबॉडी नसांच्या टोकांवर जाऊन बसतात. धोका किती, याचा अंदाज घ्यायला एक साधी गुणपद्धत आहे: वय पन्नासच्या वर, आजार सुरू झाला तेव्हा धूम्रपान, पाच टक्क्यांहून जास्त वजन घटणं, लैंगिक दुर्बलता, बोलण्या-गिळण्याचा त्रास, आणि रोजचं काम करण्याची क्षमता खालावणं. सहापैकी तीन किंवा जास्त गुण मिळाले तर कर्करोगाची शक्यता फार मोठी. काकांना चार मिळाले. विड्या तरुणपणापासून, आणि वजन ६४ वरून ५९ किलो झालेलं; तेही साखरेमुळे असं घरी सगळ्यांनी धरलं होतं.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी गाठ आणि मध्यभागी वाढलेल्या ग्रंथी दिसल्या. आता मुंबईत छातीत अशी सावली दिसली की पहिला शब्द उमटतो तो टीबी. चाळीतल्या दोघांनी टीबीची औषधं सुरू करून बघा असा सल्लाही दिला, आणि तो वेडेपणाचा नव्हता. या शहरात बहुतेकदा तोच अंदाज खरा ठरतो. पण टीबीचे जंतू शोधणारी थुंकीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली, आणि दुर्बिणीतून घेतलेल्या ग्रंथीच्या तुकड्यात स्मॉल सेल कर्करोग निघाला. सुदैवाने तो छातीच्या एकाच बाजूपुरता मर्यादित होता.

टीबीची औषधं अंदाजाने सुरू न करण्याचं आणखी एक कारण होतं. टीबीच्या काही रुग्णांना दिली जाणारी अमिकासिन आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शनं नसांच्या टोकावर कॅल्शियम आत येण्यात अडथळा आणतात. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, कारण त्याच्याकडे राखीव ताकद भरपूर असते. तेरा टक्क्यांवर जगणाऱ्या नसेला मात्र तेवढाही अडथळा श्वासापर्यंत नेऊ शकतो.

औषधं, आणि औषधांतले सापळे

ताकदीसाठी ॲमिफॅम्प्रिडिन सुरू केलं. ते पोटॅशियम चॅनेल अडवतं. त्यामुळे नसेच्या टोकावरचा विद्युत-संदेश लवकर मावळत नाही, उरलेले कॅल्शियम चॅनेल थोडा जास्त वेळ उघडे राहतात आणि थोडं जास्त कॅल्शियम आत येतं. पुढचं काम चौथा घात करतो. आधी ईसीजी केला, पूर्वी कधी फिट आली होती का ते विचारून घेतलं, कारण जास्त मात्रेत हे औषध फिट आणू शकतं. ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, मग हळूहळू १५ पर्यंत. ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात असं काकांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. ते अपेक्षितच होतं. आठवड्याच्या आत ते हाताचा आधार घेऊन का होईना, जमिनीवरून उठू लागले. करंगळीचा प्रतिसाद विश्रांतीतच २.८ मिलिव्होल्ट आला.

मूळ उपचार मात्र कर्करोगाचा. गाठ आटली की अँटीबॉडी बनवायचं निमित्त कमी होतं आणि बहुतेकांची ताकदही सुधारते. केमोथेरपीसोबत छातीला रेडिएशन ठरलं. या कर्करोगावर सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड ही जुनी जोडी. इथे एक नाजूक अडचण होती. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडातून मॅग्नेशियम घालवतं, म्हणून ते देताना सलाइनमधून मॅग्नेशियम सोडायची पद्धत आहे. पण मॅग्नेशियम हे कॅल्शियमचं प्रतिस्पर्धी. ते जास्त झालं की नसेच्या टोकावर कॅल्शियम आत येणं कमी होतं. वॉर्डात सवयीने लावलेली एक बाटली या रुग्णाला पुन्हा अंथरुणाला खिळवू शकली असती. कर्करोगतज्ज्ञांशी बोलून सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन निवडलं. मधुमेही मूत्रपिंडाला आणि नसांनाही ते जरा सोसवतं.

दुसऱ्या फेरीनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या आणि ताप आला. अशा तापात अमिकासिन जोडण्याची सवय आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवलेलं असल्यामुळे ते टळलं, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम या दुसऱ्या गटातल्या अँटिबायोटिकवर काम भागलं. या आजारात चांगल्या डॉक्टरपेक्षा कधी कधी ती लाल शाई जास्त उपयोगी पडते.

मुलीने मोबाइलवर वाचून विचारलं, "मॅडम, बाबांची रक्तदाबाची गोळी पण कॅल्शियम चॅनेल बंद करणारी आहे. ती चालेल का?" प्रश्न उत्तम होता. गोळी अम्लोडिपिन होती. ती मुख्यतः रक्तवाहिन्यांतल्या एल प्रकारच्या चॅनेलवर काम करते, नसांच्या टोकांवरच्या पी/क्यू प्रकारावर नाही, त्यामुळे ती बहुधा चालली असती. व्हेरापॅमिल असती तर त्याच दिवशी बंद केली असती. तिने अशा रुग्णांची ताकद ढासळल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. तरीही हृदयरोगतज्ज्ञांनी अम्लोडिपिन बदलून दुसऱ्या गटातली गोळी दिली. पर्याय हाताशी असताना धोका घ्यायचं कारण नव्हतं.

इम्युनोथेरपीबद्दलही विचारणा झाली; तिचं नाव हल्ली सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करून कर्करोगावर सोडते. इथे तर अतिउत्साही प्रतिकारशक्तीनेच माणूस आडवा केला होता. ती बाजूला ठेवली. या आजाराची एक विचित्र बाजू मात्र सांगायला हवी: ज्यांना स्मॉल सेल कर्करोगासोबत लॅम्बर्ट-ईटन होतो ते, फक्त कर्करोग असलेल्यांपेक्षा सरासरीने जास्त जगतात असं दिसून आलं आहे. याचं एक कारण उघड आहे, पाय अडखळल्यामुळे गाठ लवकर सापडते. पण तेवढंच नसावं. नसांना छळणारी ती प्रतिकारशक्ती गाठीलाही काही प्रमाणात रोखून धरत असावी, असं मानायला जागा आहे.

केमोथेरपीच्या चार फेऱ्या आणि रेडिएशन संपल्यावर गाठ बरीच आटली. ॲमिफॅम्प्रिडिन १० वर आणलं. तिसऱ्या महिन्यात करंगळीचा प्रतिसाद ४.६ मिलिव्होल्ट होता आणि ताणानंतरची वाढ ४० टक्क्यांवर उतरली होती. गुडघा आता ताण न देताच हलतो. तोंडाची कोरड कमी झाली आहे. लैंगिक तक्रारीत फरक नाही. त्यात मधुमेहाचाही वाटा असणार, तो या औषधाने जाणार नाही, हे काकांना स्पष्ट सांगितलं आहे. चालताना तोल जाण्याकडेही लक्ष ठेवायचं आहे, कारण पी/क्यू चॅनेल लहान मेंदूतही भरपूर असतात आणि काही रुग्णांत पुढे तिथेही त्रास होतो. दर तीन महिन्यांनी स्कॅन. विड्या बंद. फुलबाजारात ते परत गेले आहेत. जमिनीऐवजी आता लाकडी पेटीवर बसतात आणि पहाटेचा माल पुतण्या उचलतो.

त्यांच्या पाकिटात मराठी आणि इंग्रजीत लिहिलेलं एक कार्ड दिलं आहे. त्यावर आजाराचं नाव, ॲमिफॅम्प्रिडिनची मात्रा, आणि टाळायच्या गोष्टी: अमिकासिनच्या गटातली अँटिबायोटिक, शिरेतून मॅग्नेशियम, व्हेरापॅमिल. खाली भूलतज्ज्ञांसाठी वेगळी ओळ आहे, कारण शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायला देतात ती औषधं या आजारात थोड्याशा मात्रेतही फार वेळ टिकतात: मात्रा कमी, मॉनिटर लावूनच, आणि श्वास पूर्ण परतल्याशिवाय नळी काढू नये.